डॉट मॅट्रिक्स बंद, तरी प्रोग्राम म्हणतो 'प्रिंटर तयार': एलपीटी स्टेटसचं गौडबंगाल

पंचवटी_काटा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. भुईकाट्यावरच्या संगणकाचा प्रश्न आहे. शुद्ध डॉस, टर्बो सी मधला जुना प्रोग्राम, सोर्स हाताशी आहे. बोर्डावरचाच एलपीटी१ (प्रिंटरचा पॅरलल पोर्ट), त्याला ९ पिनी डॉट मॅट्रिक्स, तीन प्रतींची कंटिन्युअस पावती. केबल साधारण ३ मीटर.

तक्रारी दोन. प्रिंटरचं बटण बंद असलं तरी स्क्रीनवर 'प्रिंटर तयार' येतं. आणि कागद संपला की प्रोग्राम गोठतो, कीबोर्डसुद्धा दाद देत नाही. बाहेर ट्रॅक्टरांची रांग, हॉर्न सुरू.

प्रोग्राममध्ये बायोसप्रिंट हे फंक्शन २ नंबरच्या, म्हणजे प्रिंटरची स्थिती (स्टेटस) विचारणाऱ्या कमांडने बोलावलंय आणि उत्तरातला फक्त हेक्स (१६ च्या पायातला आकडा) ८० चा, म्हणजे ७ नंबरचा बिट तपासलाय. ते उत्तर स्क्रीनवर छापून पाहिलं. दशमान आकडे असे:
तयार असताना १४४
कागद काढल्यावर ४८
ऑनलाइनचं बटण दाबून ऑफलाइन केल्यावर १६
प्रिंटर बंद केल्यावर १९२
यातून काय समजायचं?

द्वारका_सर्कल
यूएसबी प्रिंटर घ्या, मोकळे व्हा.

पंचवटी_काटा
डॉसला यूएसबी कुठून जोडू, दादा? काट्याचा इंडिकेटर, प्रोग्राम, स्टॅम्पिंगचे कागद, सगळं एकमेकांत अडकलंय. प्रिंटर बदलायचा नाही, समजून घ्यायचाय.

सातपूर_टूलरूम
चांगला धागा. मुळापासून सांगतो, म्हणजे आकडे आपोआप उलगडतील.

साध्या पॅरलल जोडणीत प्रिंटरला 'कागद संपला' असा संदेश पाठवता येत नाही. त्याच्याकडे पाच तारा आहेत, प्रत्येकीवर एकतर ५ व्होल्टच्या आसपास दाब असतो किंवा शून्याच्या. संगणकाच्या २५ पिनी टोकाला त्या अशा: १० वर ॲक्नॉलेज, ११ वर बिझी, १२ वर पेपर एंड, १३ वर सिलेक्ट, १५ वर एरर. २ ते ९ डेटाच्या, १ स्ट्रोबची, १८ ते २५ ग्राउंड. उरलेल्या १४, १६, १७ संगणकाकडून प्रिंटरकडे जाणाऱ्या: ऑटोफीड, इनिट, सिलेक्ट-इन.

पोर्टचा पत्ता हेक्स ३७८ असेल तर या पाच तारांचा फोटो ३७९ वर मिळतो. बिट ७ बिझी, ६ ॲक्नॉलेज, ५ पेपर एंड, ४ सिलेक्ट, ३ एरर. खालचे तीन बिट साध्या पोर्टवर बहुधा १ च दिसतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा.

इथे नवा माणूस हमखास दोनदा फसतो. एक, बिझीची तार पोर्टच्या आतच उलटी होते. तारेवर ५ व्होल्ट म्हणजे 'थांब', पण बिट ७ तेव्हा ० वाचला जातो. बिट १ म्हणजे 'मोकळा आहे'. दोन, ॲक्नॉलेज आणि एरर या तारा मुळातच उलट्या अर्थाच्या आहेत: एररवर ५ व्होल्ट म्हणजे सगळं ठीक, शून्य म्हणजे बिघाड. ३७९ थेट वाचलं तर हे तसंच उलटं मिळतं. बायोसची (बोर्डावरच्या मूळ प्रोग्रामची) आयएनटी १७, जिला तुमचं बायोसप्रिंट बोलावतं, ती मात्र वाचलेल्या आकड्याला हेक्स ४८ ने एक्सऑर करून (म्हणजे तेवढे बिट पालटून) हे दोन बिट सुलटे करते आणि मग तुमच्या हातात देते. म्हणून एकच प्रिंटर, एकच क्षण, पण थेट वाचला तर हेक्स डीएफ आणि बायोसकडून विचारला तर हेक्स ९०, म्हणजे तुमचे दशमान १४४. दोन्ही बरोबर.

तर्री_कमी
बिझीची तार म्हणजे सिंहस्थात रामकुंडाकडे जाणारा रस्ता. कायम हाय.

अंबड_लिंक_रोड
डॉस सुरू होताना चालणारी ऑटोएक्झेक फाइल उघडून बघा. 'मोड एलपीटी१:,,पी' अशी ओळ कोणीतरी टाकून ठेवली असणार. तो शेवटचा पी म्हणजे प्रिंटर घेईपर्यंत प्रयत्न करतच राहा. अशा मशीनवर कागद संपला की सगळं ठप्प.

पंचवटी_काटा
पाहिलं. तशी ओळ नाही.

सिन्नर_फाटा
मोडची गरजच नाही, बायोस एकटी पुरेशी आहे. एक बाइट पाठवताना बायोस बिझीकडे बघत घिरट्या घालते. किती वेळ, ते ४०:७८ या जागी लिहिलेल्या आकड्यावर ठरतं, मूळचा आकडा हेक्स १४. मुदत संपली की ती हार मानते आणि उत्तरात बिट ० म्हणजे टाइमआउट लावून परत येते. तुमचा प्रोग्राम ते उत्तर न बघता पुढचा बाइट देतो. पुन्हा तीच मुदत. पावतीत ६००-७०० अक्षरं असतील तर तितक्या वेळा. मशीन गोठलेलं नाही, ते प्रामाणिकपणे एकेका अक्षरासाठी ताटकळतंय.

उपाय: प्रत्येक बाइटनंतर परत आलेलं उत्तर तपासा. बिट ० किंवा बिट ३ लागलेला दिसला की लूप तोडा, स्क्रीनवर कारण दाखवा, कितवा बाइट होता ते जपून ठेवा, माणसाने कळ दाबली की तिथूनच पुढे.

आणि एक कळीची गोष्ट. चूक सापडल्यावर बऱ्याच जणांना बायोसप्रिंट कमांड १ ने पोर्ट 'इनिशियलाइज' करायची सवय असते. ते करू नका. ती कमांड १६ नंबरच्या तारेवर इनिटचा ठोका देते, प्रिंटर स्वतःला रीसेट करतो आणि त्याच्या बफरमधली (आलेली अक्षरं साठवायच्या मेमरीतली) न छापलेली अर्धी पावती पुसली जाते. इनिट प्रोग्राम सुरू होताना एकदा, बस.

गंगाघाट
एवढा व्याप कशाला? प्रत्येक अक्षराला ॲक्नॉलेज येतोच ना? तो मोजा. ६०० पाठवले, ६०० ॲक्नॉलेज आले, पावती छापली गेली. हिशेब पक्का.

सातपूर_टूलरूम
@गंगाघाट, असहमत, आणि हा गैरसमज खोडायलाच हवा. ॲक्नॉलेजचा अर्थ 'बाइट माझ्या बफरमध्ये आला, पुढचा द्या' इतकाच. कागदावर शाई उमटली का, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. भुईकाट्याची पावती एक किलोबाइटच्या आतली. बफर त्याहून मोठा असेल तर हेडने पहिली ओळ मारायच्या आत शेवटच्या अक्षराचाही ॲक्नॉलेज आलेला असतो. मध्ये रिबन फाटली, तिसरी प्रत अडकली, तरी ६०० पैकी ६००.

शिवाय तो मोजणंही सोपं नाही. डेटा तारांवर ठेवायचा, किमान अर्धा मायक्रोसेकंद थांबायचं, स्ट्रोब किमान अर्धा मायक्रोसेकंद खाली खेचायचा, सोडल्यावर पुन्हा तितकाच वेळ डेटा हलवायचा नाही. प्रिंटर बिझी वर करतो, बाइट उचलतो, मग ॲक्नॉलेजचा काही मायक्रोसेकंदांचा छोटा ठोका. सी मधल्या साध्या लूपला तो कधी सापडतो, कधी निसटतो. तो पकडायचा तर इंटरप्टवर (पोर्टने प्रोसेसरला दिलेल्या हाकेवर) पकडावा लागतो, एलपीटी१ ला नेहमीचा ७ नंबरचा. बायोस त्या वाटेला जात नाही, ती फक्त बिझी बघते.

गंगाघाट
बफरचं लक्षात आलं नव्हतं. मागे घेतो.

देवळाली_कॅम्प
वर ३७९ थेट वाचण्याचा विषय निघालाय म्हणून. डॉसच्या डीबगमध्ये 'आय ३७९' केल्यावर ८७ आलं तर प्रिंटर बंद, असं वाचलं होतं. पण क्यूबेसिकमध्ये आयएनपीने वाचलं तर ८७ येतंय आणि प्रिंटर समोर चालू आहे, दिवा लागलेला. पोर्ट गेला का?

सिन्नर_फाटा
पोर्ट ठणठणीत आहे. डीबग हेक्स दाखवतं, क्यूबेसिक दशमान. हेक्स ८७ म्हणजे दशमान १३५, प्रिंटर बंद. दशमान ८७ म्हणजे हेक्स ५७, प्रिंटर चालू पण ऑफलाइन. ऑनलाइनचं बटण दाबा, २२३ होईल.

देवळाली_कॅम्प
झालं. २२३.
(तोंड लपवायची स्मायली कुठे असते?)

तर्री_कमी
बटण दाबून प्रश्न सुटल्याची नोंद धाग्यात ठळक अक्षरात करावी.

मखमलाबाद_नाका
अवांतर: लिनक्सच्या जुन्या एलपी ड्रायव्हरमध्ये हेच बिट क्रमाने बघतात. पेपर एंड लागलेला असेल तर 'आउट ऑफ पेपर'. तो नसेल पण सिलेक्ट पडलेला असेल तर 'ऑफ-लाइन'. दोन्ही नीट आणि तरीही एररची तार खाली, म्हणजे कारण सांगता येत नाही, तर कर्नल लॉगमध्ये चक्क 'एलपी० ऑन फायर' लिहून टाकतो. प्रिंटर पेटलाय! वाचून बादली घेऊन धावू नये, बहुधा झाकण उघडं असतं.

सिलेक्टवर मात्र फार विसंबू नका. बऱ्याच एप्सन डॉट मॅट्रिक्समध्ये ती तार आतून रेझिस्टरने ५ व्होल्टला बांधलेली असते. प्रिंटर ऑफलाइन केला तरी सिलेक्ट वरच. तिथे ऑफलाइन कळतं ते बिझी वर आणि एरर खाली, या जोडीवरून.

सातपूर_टूलरूम
@मखमलाबाद_नाका, तुमच्या शेवटच्या वाक्याने डोक्यात दिवा पेटला. धागाकर्त्याने दिलेले आकडे मी मघाशी नीट वाचलेच नव्हते.

अशा प्रिंटरला चांगल्या केबलवर बायोसकडून मिळणारे आकडे असे हवेत: तयार १४४, कागद नाही ५६, ऑफलाइन २४, बंद बहुधा २००. धागाकर्त्याचे आकडे: १४४, ४८, १६, १९२. तयार सोडून प्रत्येक आकडा बरोबर ८ ने कमी. आणि ८ म्हणजे बिट ३. म्हणजे एरर.

प्रिंटर एररची तार खाली ओढतोय, पण संगणकापर्यंत ते पोचतच नाही. १५ नंबरची पिन मोकळी लटकतेय, आणि मोकळी पिन पोर्टला 'हाय' वाटते, हाय म्हणजे 'सगळं ठीक'. तयार असताना फरक दिसणार नाही, कारण तेव्हा तिथे खरंच हाय असतं. थेट ३७९ वाचलंत तर कागद नसताना हेक्स ७७ ऐवजी ७एफ येईल, आणि ७एफ हा तर केबल उपटल्यावर येणारा आकडा. ऑफलाइनला ५७ ऐवजी ५एफ, जो 'बफर भरलाय, जरा थांब' याचा आकडा. प्रोग्राम बिचारा थांबतो.

दोन्ही टोकं काढून मल्टिमीटर बीपवर लावा. २५ पिनी टोकाची १५ आणि ३६ पिनी टोकाची ३२. बीप यायला हवा.

द्वारका_सर्कल
१५ ची ३२ कशी होते?

मखमलाबाद_नाका
कारण दोन्ही टोकं वेगवेगळ्या घरची. सेंट्रॉनिक्सचा १९७० चा प्रिंटर ३६ पिनी रिबन कनेक्टर घेऊन आला, वांग लॅबोरेटरीजकडे कॅल्क्युलेटरसाठी घेतलेले तेच शिल्लक होते म्हणून. आयबीएमने १९८१ च्या पीसीला २५ पिनी लावला. १ ते १४ दोन्हीकडे जुळतात, पुढे फाटे फुटतात: १५ ची ३२, १६ ची ३१, १७ ची ३६. स्वस्त केबलवाले नेमकी या फाट्यातली एखादी तार वाचवतात. छपाई होते, गिऱ्हाईक खूश.

पंचवटी_काटा
१५ ते ३२ बीप नाही! १०, ११, १२, १३ सगळ्यांना आहे. १६ ते ३१ आहे, १७ ते ३६ पण आहे. फक्त हीच नाही.
मोल्डेड टोकं आहेत, उघडत नाहीत. बाहेरून एक तार टाकली तर चालेल का?

सिन्नर_फाटा
बाहेरून लोंबती तार भुईकाट्याच्या खोलीत आठवडाभर टिकणार नाही. आयईईई १२८४ असं छापलेली केबल आणा, तिच्यात प्रत्येक सिग्नलला स्वतःच्या ग्राउंडचा पीळ असतो. लांबी २ मीटर पुरत असेल तर तीच घ्या. घरी बनवायची तर सोल्डरचे कनेक्टर आणि २५ कोअरची शील्डेड वायर घ्या, शील्ड टोकाच्या धातूच्या कव्हरला बांधा.

लावताना दोन्ही यंत्रं बंद. चालू असताना ३६ पिनी टोक तिरकं बसवलं की पोर्टच्या चिपचं आयुष्य संपतं, आणि बोर्डावरचा पोर्ट गेला तर पीसीआय कार्ड लावावं लागेल. त्याचा पत्ता ३७८ असेलच असं नाही. डीबगमध्ये 'डी ४०:८' केल्यावर पहिले दोन बाइट ७८ ०३ दिसले तर पत्ता ३७८, हे आताच बघून ठेवा. संगणक आणि प्रिंटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर, एकाच अर्थिंगवर हवेत. वेगवेगळ्या प्लगवर असतील तर अर्थिंगमधला फरक या बारीक ग्राउंडच्या तारांतून वाहतो.

अंबड_लिंक_रोड
यूएसबी कन्व्हर्टरवाल्यांसाठी एक टीप, द्वारका यांनी विषय काढलाच आहे म्हणून. यूएसबी टू पॅरलल केबल ३७८ वर कधीच दिसत नाही, ती विंडोजला यूएसबी प्रिंटर म्हणून दिसते. त्यामुळे ३७९ वाचणारा कोणताही प्रोग्राम तिथे आंधळा. स्टेटस मिळतंच नाही असं मात्र नाही: यूएसबीच्या प्रिंटर वर्गात 'गेट पोर्ट स्टेटस' नावाची विनंती आहे, ती एक बाइट परत देते, आणि त्यात बिट ३ एरर नाही, बिट ४ सिलेक्ट, बिट ५ कागद संपला. जागा त्याच ठेवल्यात, बिझी आणि ॲक्नॉलेज तेवढे गाळले.
'नेट यूज एलपीटी१' करून प्रिंटर नेटवर्कवर वळवला असेल तर ते स्टेटस विंडोजने आपल्या मनाने रंगवलेलं असतं, त्यावर निर्णय घेऊ नका.

गंगाघाट
मग पावतीच्या लेझर प्रिंटरवर 'ट्रे २ मध्ये कागद नाही' असं सविस्तर कसं दिसतं? पाच तारांत एवढं मावतं?

मखमलाबाद_नाका
मावतं, दमाने. १९९४ च्या आयईईई १२८४ मध्ये निबल मोड आहे. संगणक आधी विचारतो 'उलट दिशेने बोलता येतं का', प्रिंटर ३५ मिलिसेकंदांत तारा ठरलेल्या पद्धतीने हलवून हो म्हणतो. मग एरर, सिलेक्ट, पेपर एंड आणि बिझी या चार तारांचा मूळ अर्थ बाजूला ठेवून त्यांवरून चार-चार बिट पाठवतो, ॲक्नॉलेज घड्याळाचं काम करतो. दोन हप्त्यांत एक बाइट. प्रिंटर प्लग केल्यावर विंडोजला त्याचं नाव कळतं ते याच वाटेने. पावती छापणाऱ्या थर्मल प्रिंटरना १६, ४ आणि ४ असे तीन बाइट पाठवले तर रोलच्या सेन्सरचा एक बाइट परत येतो, रोल संपत आल्याची सूचनासुद्धा त्यात असते. तुमच्या साध्या ९ पिनीवर यातलं काही शोधू नका.

सातपूर_टूलरूम
धागाकर्त्याची पहिली तक्रार राहिलीच. बंद प्रिंटर 'तयार' का दिसतो? कारण बंद प्रिंटर सगळ्या तारा शून्याकडे ओढतो. बिझी शून्य, म्हणजे बिट ७ एक, आणि तुम्ही तेवढाच तपासताय. मेलेल्या माणसाला 'बिझी आहात का' विचारल्यासारखं.

पण 'बंद म्हणजे २००' असंही प्रोग्राममध्ये लिहू नका. बंद प्रिंटरला डेटाच्या तारांतून संगणकाकडूनच चोरटा दाब मिळतो, कधी त्याचा दिवा मिणमिणतोही. मग आकडा काहीही येतो. ३६ पिनी टोकाला प्रिंटरच्या ५ व्होल्टची तार आहे, पण २५ पिनीपर्यंत ती येत नाही, त्यामुळे खात्रीने विचारायची सोय नाही. म्हणून वाईट अवस्था ओळखत बसू नका, फक्त चांगली ओळखा: उत्तराला हेक्स बी९ ने अँड करा (म्हणजे हवे तेवढेच बिट ठेवा), हेक्स ९० आलं तरच तयार. बी९ मध्ये ॲक्नॉलेजचा बिट मुद्दाम वगळलाय, तो चुकून पकडला गेला तर खोटी ओरड नको. एकदा नाही म्हणाला तर दहा वेळा, १०० मिलिसेकंदांच्या अंतराने विचारा, मग संदेश दाखवा.

पंचवटी_काटा
नवी केबल, २ मीटर. आकडे: १४४, ५६, २४, २००. बी९ चा अँड टाकला, बाइटागणिक तपासणीही टाकली. मुद्दाम पावतीच्या मध्यात कागद फाडला, 'कागद भरा, मग ऑनलाइन दाबा' आलं, भरल्यावर उरलेली पावती छापली. सगळ्यांचे आभार.

एकच उरलं: कागद जागेवर असूनही दुपारी दोनदा ५६ आला. आणि पावतीचा नंबर छापण्याआधी फाइलला लिहावा की नंतर?

सिन्नर_फाटा
५६ साठी प्रिंटरच्या ट्रॅक्टरच्या (कागद ओढणाऱ्या दातेरी पट्ट्यांच्या) मागचा कागदाचा सेन्सर बघा. कांद्याच्या दिवसांत फोलपटं आणि कार्बनलेस कागदाचा भुगा तिथे साचतो. प्रिंटर बंद करून मऊ ब्रश, फुंकर नको, ओलावा जातो. ब्रश फिरवूनही राहिलं तर सेन्सरची कळ बोटाने दाबत १२ नंबरच्या पिनवर मीटर धरा, दाब स्वच्छ वर-खाली व्हायला हवा, मध्येच लटकायला नको.

नंबर आधी लिहा. वजन झालंय ही वस्तुस्थिती आहे, छपाई होवो न होवो. छापलं का, हे प्रिंटर सांगू शकत नाही, ते काट्यावरचा माणूस पावती फाडताना बघतो. पुन्हा छापलीत तर त्याच नंबरावर 'दुबार प्रत' असा शिक्का प्रोग्रामनेच टाकावा.

द्वारका_सर्कल
जुनी केबल फेकू नका, एरर नको असलेल्यांना उपयोगी पडेल.

पंचवटी_काटा
तिची दोन्ही टोकं कापून ठेवलीत. नाहीतर पुढच्या सीझनला कोणीतरी काढून परत लावेल.